काचेतून दिसणारी वायर

गेल्या वर्षीची आश्विन शुद्ध चतुर्दशी, रविवार, सकाळ. इथल्या लक्ष्मीपूजेचा आदला दिवस. कोलकात्यातलं बागबाजार, तपनबाबूंच्या घराची पुढची खोली.

हजर: तपनबाबू, सत्तरी ओलांडलेले, जन्मापासून कर्णबधिर. त्यांची मुलगी मिताली, शाळेत शिकवते. वडिलांच्या खुणा आम्हाला बोलून दाखवते आणि आमचं बोलणं त्यांना खुणांनी सांगते. मी, वैशाली, कॉम्प्युटर जोडणारी. उशिरा हजर, आणि तोही मितालीने फोनवर फोन केल्यावर: गौतम, चांदणी बाजारातला कॉम्प्युटर दुकानदार. गैरहजर: हरेनबाबू. ते हॉस्पिटलात होते, आणि त्यांच्यामुळेच आम्ही जमलो होतो.

मशीन उघडायच्या आधी हजेरी लिहायची, ही माझी जुनी सवय. मशीन उघडलं की आत काहीतरी तुटलेलं, जळलेलं, उलटं बसवलेलं सापडतं, आणि मग घरातलं प्रत्येक माणूस म्हणतं, मी हात लावला नव्हता. निदान आत्ता समोर कोण होतं एवढं तरी कागदावर असावं.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी मला 'तुमच्या कामातल्या गमतीजमती' लिहायला सांगितल्या. "हलकंफुलकं हवं हं, वहिनी. फराळाबरोबर वाचायचं असतं." मी हो म्हटलं, घरी आले, लिहायला बसले, आणि कागदावर पहिल्यांदा उतरली ती वरची हजेरी. त्या रविवारी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तेव्हा आधी गमती सांगते, मग राग. फराळ आधीच उरकून घ्या.

मी सांगलीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. ह्यांची केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात नोकरी, बदली कोलकात्याला झाली, आणि पुढच्या बदल्या नाकारत नाकारत आम्ही इथलेच झालो. मुलगा लहान असताना घरचा कॉम्प्युटर मी स्वतः सुटे भाग आणून जोडला. तो पाहून शेजारच्यांनी त्यांचा जोडून मागितला, मग त्यांच्या मेव्हण्यांनी. असा माझा धंदा सुरू झाला. बंगाली गिऱ्हाईक मला दीदी म्हणतं आणि काम सांगतं. मराठी गिऱ्हाईक मला वहिनी म्हणतं आणि "जरा येऊन बघून जा" म्हणतं. वहिनी म्हटलं की ते काम उरत नाही, हळदीकुंकवासारखं काहीतरी होतं.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कॉम्प्युटरच्या पेटीत, म्हणजे कॅबिनेटमध्ये, तुमचे फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ जिथे साठतात ती हार्ड डिस्क असते. तिला दोन वायरी लागतात. एक बारीक, माहिती नेण्याआणण्याची, ती मदरबोर्डला जाते. दुसरी विजेची. ती येते पॉवर सप्लायकडून, ज्याला बाजारात सगळे एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन तिचे लहान लहान घोट करून प्रत्येक भागाला पाजणारा तो डबा. डिस्कला दोन प्रकारचे घोट लागतात, पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट. पाचाच्या जागी बारा गेले की डिस्क मरते. तेवढं लक्षात ठेवा.

पूर्वी त्या डब्यातून वायरींची अख्खी जुडी बाहेर यायची, मेथीची असते तशी. लागतील त्या जोडायच्या, उरलेल्या पेटीत कुठेतरी कोंबायच्या. त्या पंख्यात अडकायच्या, वारा अडवायच्या, धूळ धरायच्या. मी त्या कडेकडेने नेऊन बांधायची. डिस्कची वायर डिस्ककडे, पंख्याची पंख्याकडे, वळण घेताना मोकळी, कुठे ताण नाही. हे शोभेसाठी करत नव्हते. उद्या दुसऱ्या कुणी पेटी उघडली तर कुठली वायर कुठून कुठे गेली आहे ते त्याला नजरेने कळावं, म्हणून.

हे सगळ्यांना पटतं असं नाही. मंडळातल्या एका बँक अधिकाऱ्यांच्या घरी गेले, तर त्यांनी जास्तीची डिस्क स्वतःच लावली होती. बसवायला जागा सापडली नाही म्हणून पेटीच्या आतल्या दांड्याला पायजम्याच्या नाडीने टांगलेली. झोका खेळत होती. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "वहिनी, गाठ पक्की आहे. मी ओढून पाहिली."

मग आली काच. कॅबिनेटची एक बाजू काचेची, आत रंगीत दिवे, आणि एकही वायर दिसता कामा नये असा हुकूम. सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये काम करणारा, नागपूरहून आलेला एक जण. त्याच्या काचेतून बघितलं तर आत राजवाडा. एक वायर नाही. डिस्क मात्र दिसेनाशी झालेली. मागचा पत्रा काढला आणि सगळा संसार माझ्या अंगावर आला. प्रत्येक वायर मागे कोंबून त्याने पत्रा लावला होता.

"लागला कसा?" मी विचारलं.

"आडवं पाडलं, आणि गुडघा दिला, मॅडम."

त्या गुडघ्याखाली डिस्कची वायर तुटली होती. तो बिचारा हसत होता. मीही हसले. हा झाला गमतीचा भाग. इथे संपला.

तपनबाबूंच्या पेटीलाही काच होती, पण ती मी सांगून बसवलेली होती. त्याचं कारण वेगळं.

मशीनचं बरंच दुखणं आपण कानाने ओळखतो. पंखा घरघरतो, डिस्क टकटक करते, आपण म्हणतो, काहीतरी बिघडलंय. तपनबाबूंना ते ऐकू येणार नाही. म्हणून काच. पंखे फिरताना दिसले पाहिजेत. प्रत्येक डिस्क काम करताना लुकलुकेल असा छोटा दिवा मी पुढे आणून बसवला, एक 'मूळ' डिस्कचा, एक 'नक्कल' डिस्कचा. मशीन चालवणारं विंडोज मदरबोर्डवरच्याच एका वेगळ्या चिपवर होतं, या दोन डिस्क फक्त साठवणीच्या. आणि वायरी अशा नेल्या की दोन्ही डिस्क, दोन्ही दिवे, तिन्ही पंखे खुर्चीत बसल्या बसल्या दिसतील. दिवा लुकलुकायचा थांबला की तपनबाबू मितालीच्या फोनवरून मला निरोप पाठवायचे: डिस्क गप्प आहे. ऐकू येणाऱ्या गिऱ्हाइकांनी इतक्या लवकर मला कधी कळवलेलं नाही.

त्या डिस्कवर काय होतं ते सांगितलं पाहिजे. तपनबाबू शिवणकाम करायचे. काम सोडल्यावर त्यांनी एक कॅमेरा घेतला आणि उत्तर कोलकात्यातल्या म्हाताऱ्या कर्णबधिर माणसांकडे जाऊन त्यांच्या गोष्टी टिपायला सुरुवात केली. खुणांच्या भाषेतल्या गोष्टी. आता शाळांमधून शिकवतात ती खुणांची भाषा वेगळी. या माणसांच्या खुणा जुन्या, त्यांच्या त्यांच्या गल्लीत, कारखान्यात, शाळेच्या पायऱ्यांवर तयार झालेल्या. ट्रामला एक खूण, गंगेच्या भरतीला एक, घरभाडं मागायला येणाऱ्या माणसाला एक. ही भाषा लिहून ठेवता येत नाही. हात हलताना दिसले तरच ती आहे.

मला त्यांनी पहिल्याच भेटीत नाव दिलं. डाव्या हाताच्या पंजावर उजव्या हाताची दोन बोटं स्वार केली आणि घोडा दौडवला.

मितालीला हसू आवरेना. "बाबा तुम्हाला बर्गी म्हणतायत."

बर्गी म्हणजे मराठा स्वार. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी आपले लोक बंगालवर चालून आले, लुटालूट केली, आणि इथल्या लोकांनी त्यांना अडवायला शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याची सुरुवात याच बागबाजारातून. बंगाली आया अजून मुलांना बर्गीची भीती घालतात.

मी म्हटलं, "सांगा त्यांना, मी लुटायला नाही, वायरी बांधायला आलेय."

तपनबाबूंनी उत्तर दिलं. मितालीने सांगितलं, "बाबा म्हणतात, दोरी घेऊन आली आहे म्हणजे बांधून नेणारच."

तेव्हापासून त्या घरात माझं नाव घोडेस्वार.

हरेनबाबू हे तपनबाबूंच्या सगळ्यात म्हाताऱ्या मित्रांपैकी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. यंत्रांच्या धडधडाटात ऐकू येणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं कळत नसे, म्हणून छापखान्यातल्या बहिऱ्या कामगारांच्या खुणा हळूहळू सगळेच शिकले, अशी त्यांची गोष्ट. त्या छापखान्यातल्या खुणा सबंध येणारं दुसरं माणूस तपनबाबूंना सापडलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं हरेनबाबू कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नव्हते. गेल्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी एकदाचे बसले. बऱ्याच बैठका झाल्या. तपनबाबूंनी ते सगळं मूळ डिस्कवर उतरवलं आणि पुढच्या बैठकीसाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. नक्कल दर रविवारी व्हायची. रविवार यायचा होता.

त्याआधीच एसएमपीएस गेला. ते जाऊ शकतात, त्यांचं वय झालं की जातात. मी तेव्हा सांगलीला होते, भावाकडे. मितालीचा फोन आला. मी म्हटलं, "डिस्कला काही झालेलं नाही. मी दसऱ्यानंतर येते, तोवर मशीन तसंच बंद राहू दे."

पण हरेनबाबू पुन्हा बसायला तयार झाले होते, आणि म्हाताऱ्या माणसाचं मन केव्हा फिरेल सांगता येत नाही. तपनबाबूंना कार्ड रिकामं करायला मशीन हवं होतं. त्यांनी गौतमला बोलावलं. षष्ठीचा दिवस, दुर्गापूजेची सुरुवात. घरासमोरच्या मंडपात ढाक, म्हणजे पूजेचे मोठे ढोल, वाजत होते. गौतमने नवा एसएमपीएस बसवला आणि बटण दाबलं. आत काहीतरी फुटलं असणार. ढाकांमुळे गौतमला ऐकू आलं नाही, मितालीलाही नाही. तपनबाबूंना वास आला. त्यांनीच उठून भिंतीवरचा स्विच बंद केला.

नवमीला हरेनबाबूंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला.

ऐकू येणाऱ्या माणसाचा हात गेला तर त्याचा हात जातो. हरेनबाबूंचा हात गेला म्हणजे बोलणं गेलं. ज्या खुणा त्यांनी दोन्ही हातांनी केल्या होत्या त्या आता फक्त त्या डिस्कवर होत्या.

आता तो रविवार.

मी पेटीचा मागचा पत्रा काढला. वायरी माझ्याच. मी बांधल्या तशाच्या तशा. प्रत्येक वळण माझं, प्रत्येक गाठ माझी. एसएमपीएस मात्र नवा, वेगळ्या कंपनीचा. आणि माझ्या जुन्या वायरींची टोकं त्या नव्या डब्यात खोचलेली.

मला तिथेच कळलं. मी मितालीला म्हटलं, "गौतमला बोलाव. आत्ता."

हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमधून मेथीची जुडी निघत नाही. डब्याला नुसती भोकं असतात. हव्या तेवढ्याच वायरी खोचायच्या, बाकीच्या खोक्यात. पसारा कमी. फार चांगली सोय. फक्त एक गोष्ट या कंपन्यांनी केली नाही. वायरीचं डिस्ककडचं टोक जगभर सारखं. डब्याकडचं टोक मात्र ज्याचं त्याचं. कुठल्या भोकात पाच आणि कुठल्या भोकात बारा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. आणि आकार? आकार बरेचदा एकच. एकाची वायर दुसऱ्याच्या डब्यात टक् करून बसते. आपल्या घरातला गॅसचा पाइप पाण्याच्या नळाला लागत नाही, कारण कुणीतरी शहाण्या माणसाने तो लागू नये अशी काळजी घेतली आहे. इथे ती काळजी घ्यायला काय अडलं होतं? माहितीपत्रकाच्या आत बारीक अक्षरात एक ओळ छापतात, आमच्याच वायरी वापरा. ती ओळ छापली की यांचे हात धुऊन झाले.

गौतम आला. येताना संदेशचा पुडा घेऊन आला. विजयादशमीनंतर पहिली भेट, गोड द्यायचं असतं. तो पुडा मी टेबलावरून उचलून खिडकीत ठेवला.

"दीदी, मशीन तर चालतंय," तो म्हणाला. "विंडोज लगेच येतंय बघा. डिस्क जुन्या होत्या. जुन्या डिस्क जातात."

"दोन्ही? एकाच क्षणी?"

"होतं कधी कधी. बघा ना, डिस्कचा प्लग लावला की मशीन चालूच होत नव्हतं. प्लग काढला, लगेच चालू. म्हणजे खराबी डिस्कमध्येच ना?"

असा न्याय. ज्याचा गळा दाबला तो श्वास घेत नाही, तेव्हा खराबी त्याच्यातच.

मग तो तपनबाबूंकडे वळला आणि मोठ्याने ओरडला, "दादू! डिस्क! जुनी! होती!"

तपनबाबूंनी चेहरा पुसला आणि हात हलवले. मिताली म्हणाली, "बाबा म्हणतात, ओरडून ऐकू येत नाही, नुसती थुंकी उडते. तोंड पुसून बोल."

मी माझा मीटर काढला. मशीन चालू केलं. डिस्कचा मोकळा प्लग हातात घेतला, काळी तार लावली, लाल तार पाच व्होल्टच्या जागेवर टेकवली, आणि मीटर गौतमच्या डोळ्यांपुढे धरला. बारा.

"काय वाचतोस?"

त्याने स्वतः तार धरून पुन्हा टेकवली. पुन्हा बारा.

"पण प्लग बसला होता, दीदी," तो हळू म्हणाला. "जबरदस्ती नाही केली. टक् करून बसला."

"नव्या डब्याबरोबर नव्या वायरी आल्या होत्या ना? त्या कुठे आहेत?"

"खोक्यात. दुकानात."

"का नाही लावल्या?"

तेव्हा तो जे म्हणाला ते मी आयुष्यात विसरणार नाही. "तुमचं बांधलेलं इतकं सुंदर होतं, दीदी. सोडायला जीव झाला नाही. आमच्या पोरांनाही मी फोटो काढून दाखवला, बघा, याला म्हणतात वायरिंग. म्हटलं, नुसता डबा बदलू, बांधणीला हात नको लावायला."

मी विचारलं, "पिवळं लेबल कुठे आहे?"

मी जिथे जिथे अशा सुट्या वायरींचा डबा बसवते तिथे तिथे प्रत्येक वायरीच्या डब्याकडच्या टोकाला पिवळं लेबल बांधते. त्यावर मार्करने लिहिलेलं असतं: ही वायर फक्त याच डब्याची, डबा बदलल्यास वायरही बदला. तपनबाबूंच्या पेटीत मी ते बंगालीतही लिहिलं होतं. मितालीने अक्षर तपासून दिलं होतं.

"ते होय? ते कापून टाकलं."

"वाचलं नाहीस?"

"वाचलं, दीदी. वाटलं, वॉरंटीचं असेल, लिहितात तसं सगळेच." मग जरा थांबून, "आणि काचेतून वाईट दिसत होतं."

मिताली सगळं हातांनी सांगत होती. इथे तिचे हात थांबले. तपनबाबूंनी तिच्या दंडाला बोट लावून विचारलं, काय म्हणाला? तिने सांगितलं. ते उठले, काचेसमोर गेले, आत बघत उभे राहिले. मग वळून गौतमसमोर आले आणि त्यांनी सावकाश खुणा केल्या, प्रत्येक खूण सुटी, लहान मुलाला सांगतात तशी.

"बाबा विचारतात," मिताली म्हणाली, "ही काच कुणाला बघायला होती?"

गौतम दुकानदार असल्यामुळे म्हणाला, "नवी डिस्क देतो, दीदी. दुप्पट मोठी. माझ्याकडून."

"रिकामी?" मी विचारलं.

त्याने मान डोलावली.

"रिकामी डिस्क घेऊन त्यांनी काय करायचं, गौतम? हरेनबाबूंना उजवा हात देतोस का तिच्याबरोबर?"

एवढं मी ओरडून बोलले. ह्यांच्याशी पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात मी असा आवाज काढलेला नाही. मंडपातले ढाक आता गेले होते, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. आणि सगळ्यात राग कशाचा, तर समोरचा माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या कामाचा मान ठेवला आणि त्या मानापायी दोन्ही डिस्क जाळल्या. असं कौतुक मला नको. माझ्या बांधणीला कात्री लावा, तिचा चेंदामेंदा करा, पण त्यावर लिहिलेलं वाचा.

रागाने डिस्क दुरुस्त होत नाही. मी टेबलावर जुनं धोतर पसरलं आणि कामाला लागले.

डिस्कच्या पोटाखाली एक हिरवी पाटी असते, छोट्या छोट्या भागांची. तिच्या दाराशीच एक टिचभर भाग बसवलेला असतो, पहारेकऱ्यासारखा. जास्त वीज आली की तो स्वतः जळतो आणि वाट बंद करून टाकतो. मग डिस्क मेल्यासारखी वाटते, आणि प्लग लावला की अख्खं मशीन अडून बसतं. नशीब असेल तर मागचं सगळं शाबूत असतं. तो जळका भाग काढून टाकायचा, एकदाच डिस्क चालवायची, सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं.

नक्कल डिस्क पहिल्यांदा घेतली. मीटर लावला, पहारेकरी जळलेला. बारीक कटरने तो उडवला. मी माझ्या पिशवीतला, माझ्या खात्रीचा डबा जोडला, आणि तपनबाबूंचा तळहात धरून डिस्कच्या पाठीवर ठेवला. बटण दाबलं.

ते डोळे मिटून उभे होते. मग उघडले. मला काही विचारायची गरज नव्हती. डिस्क फिरत होती, त्यांना हातातून कळत होती.

जुन्या सगळ्या बैठका परत आल्या. ट्रामवाले, गंगेवाले, घरभाड्यावाले. मिताली रडली. गौतम म्हणाला, "वाचलो."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "मूळ राहिली आहे."

मूळ डिस्कची पाटी उलटी केली. पहारेकरी जळला होताच. त्याच्या मागचा मोठा भाग, डिस्कची मोटर फिरवणारा, त्याच्या मधोमध टाचणी जाईल एवढं भोक. भोवती काळं. तपनबाबूंनी वाकून वास घेतला आणि मान हलवली. षष्ठीला आला होता तो हाच.

त्या डिस्कच्या आतल्या चकत्या शाबूत आहेत. हरेनबाबू तिथे आहेत, दोन्ही हातांसह. मेली आहे ती फक्त पाटी. तिच्या जागी अगदी तसलीच दुसरी पाटी हवी. नुसती त्याच कंपनीची, त्याच साइजची चालत नाही. पाटीवर छापलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. ती मिळाली की जुन्या पाटीवरचा एक बारीक भाग, ज्यात या एका डिस्कची ओळख लिहिलेली आहे, तो उचलून नवीवर सोल्डर करायचा. तेवढं मला येतं. पाटी मात्र मला बनवता येत नाही. आणि ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं आहे.

वर्ष होत आलं. मी चांदणी पालथी घातली आहे. खिदिरपूरच्या भंगारवाल्यांकडे जाऊन आले. ह्यांच्या ऑफिसात मोडीत काढलेल्या मशीनच्या ढिगात बसले. एकदा जुळली असं वाटलं, शेवटचं अक्षर वेगळं निघालं. गौतमही शोधतो. दर महिन्याला जुन्या डिस्कची पिशवी घेऊन येतो आणि माझ्या टेबलावर ओततो. मी त्याच्याशी कामापुरतं बोलते. तो आता प्रत्येक डब्याबरोबर वायरी बदलतो असं ऐकते. बदलायलाच हव्यात. त्यासाठी मी त्याला शाबासकी देणार नाही.

हरेनबाबू घरी आले. डाव्या हाताने खुणा करायचा प्रयत्न करतात. तपनबाबू म्हणतात, बोबडं बोलतात. छापखान्यातल्या खुणा दोन हातांच्या. त्या करायला गेले की मध्येच थांबतात, डाव्या हाताने उजवा उचलतात, जागेवर धरू बघतात, तो खाली पडतो, आणि मग ते कुणाकडे बघत नाहीत. तपनबाबूंनी त्यांना डिस्कचं अजून सांगितलेलं नाही. हरेनबाबू समजून आहेत की आपण सगळं सांगून ठेवलं आहे.

तपनबाबूंचं मशीन मी नव्याने बांधलं. डबा, वायरी, सगळं एका घरचं. नक्कल डिस्क निवृत्त केली, तिच्यावरचं दोन नव्या डिस्कवर घेतलं, शिवाय तिसरी मितालीच्या शाळेच्या कपाटात. पिवळी लेबलं पूर्वीपेक्षा मोठी. काचेतून दिसतात. ती दिसावीत म्हणूनच आहेत.

मूळ डिस्क माझ्या कपाटात आहे, पिशवीत गुंडाळलेली. तिच्या जागेपर्यंत नेलेल्या दोन वायरी मी काढून टाकायला निघाले होते. ज्या वायरीला काम नाही ती पेटीत ठेवायची नाही, हा माझा नियम. तपनबाबूंनी माझं मनगट धरलं. मितालीला बोलवायला लागलं नाही, मला कळलं.

म्हणून माझ्या हातून झालेल्या सगळ्या कामांमध्ये त्या एका पेटीत दोन वायरी मोकळ्या लोंबत आहेत. त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांमध्ये, अगदी मधोमध. घरात येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, या जोडायच्या राहिल्या वाटतं. सांगलीहून मंडळाच्या कार्यक्रमाला आलेला माझा भाऊसुद्धा म्हणाला, "ताई, हे तुझं काम?"

मी गेले की तपनबाबू पंजावर घोडा उभा करतात आणि भुवया वर करतात: घोडेस्वार, मिळाली? मी रिकामा हात दाखवते. ते मान हलवतात, चहा ठेवायला सांगतात. मग आम्ही दोघं त्या काचेसमोर बसून चहा पितो.

त्या दोन वायरी जोडायच्या राहिल्या आहेत.